गोंधळ्याला वेगळा क्लास हवा, की बार्डचा सबक्लास पुरे?

पत्र: आम्ही सहा जण दर रविवारी इंदिरानगरला डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ खेळतो. नियम २०१४ चे, डीएम (गोष्ट चालवणारा) मी. कॅम्पेन (अनेक बैठकांची गोष्ट) रामशेज किल्ल्याच्या वेढ्यावर बेतलंय, पात्रं चौथ्या लेव्हलला आहेत. आता तिघांना नवीन क्लास (पात्राचा पेशा, लेव्हलगणिक नवं काही देणारा) हवेत. एकाला गोंधळी, एकाला गोलंदाज (तोफा डागणारा), आणि एकीला अंगात वारं येणारी बाई. गोंधळ्याचा २० लेव्हलचा तक्ता करायला घेतला आणि सातव्या लेव्हलला गाडी अडली. मित्र म्हणतो, बार्डचा (गाण्या-वाजवण्यातून जादू करणाऱ्या क्लासचा) सबक्लास, म्हणजे शाखा, कर आणि मोकळा हो. पण सबक्लास केला की पात्र म्हणजे 'टिळा लावलेला बार्ड' होईल अशी धास्ती आहे. तक्ता सोबत पाठवतोय.
— एक डीएम, नाशिक

उत्तर:

नमस्कार. तक्ता पाहिला. तीन मागण्यांची तीन वेगळी उत्तरं आहेत. गोंधळी सबक्लास होतो आणि चांगला होतो. गोलंदाजाला सबक्लासचीही गरज नाही. वारं येणाऱ्या बाईला मात्र खरंच क्लास लागेल, फक्त २० लेव्हलचा नाही.

आधी तक्ता सातव्या लेव्हलला का अडला ते पाहू. पेन्सिल घ्या आणि त्यात जे जे बार्डकडे आधीच आहे ते खोडा. करिश्म्यावर चालणारे स्पेल (मंत्र), डी८ (आठ बाजूंचा फासा) हिट डाय, दुसऱ्या लेव्हलची अर्धी प्रोफिशियन्सी, तिसरीची एक्स्पर्टीज, चौथीची अ‍ॅबिलिटी वाढ, सगळं जातं. मागे तीनच गोष्टी उरतात: गोंधळ मांडणं, दिवटी, आणि मरणाऱ्याला थांबवणं. बार्डच्या सबक्लासला फीचर (खास क्षमता) मिळतात तिसऱ्या, सहाव्या आणि चौदाव्या लेव्हलला, म्हणजे जागाही तीनच. तुमच्याकडे मसाला तीन फीचरचा होता आणि तो वीस लेव्हलवर पसरायला निघालात, म्हणून संपला. फायटरचा सबक्लास ३, ७, १०, १५, १८ अशा पाच ठिकाणी बोलतो, रोग या चोराच्या क्लासचा ३, ९, १३, १७ अशा चार. कल्पना किती जागांची आहे हे आधी मोजायचं आणि मग घर शोधायचं.

क्लास की सबक्लास हे ठरवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: यजमान क्लासचं मुख्य फीचर तसंच ठेवून ही कल्पना चालते का? चालत असेल तर सबक्लास. ते फीचर काढावंच लागत असेल तर सबक्लासचा हट्ट सोडा, कारण पुढच्या निम्म्या लेव्हल त्या एकाच फीचरवर उभ्या असतात. बार्डचं मुख्य फीचर म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन: साथीदाराला एक जादा फासा देणं, म्हणजे आपला आवाज दुसऱ्याच्या कामी येतो. गोंधळी तेच तर करतो. यजमान यापेक्षा सोयीचा मिळणार नाही.

आता तुमचं गोंधळाचं फीचर. तक्त्यात लिहिलंय: 'गोंधळ मांडला की ६० फुटांतल्या सगळ्या साथीदारांना १ मिनिट प्रत्येक हल्ल्यावर १डी६. दिवसातून ३ वेळा.' वाचायला साधं वाटतं, पण याने खेळ मोडेल. याच्याशेजारी ब्लेस ठेवून पाहा. पहिल्या स्तराचा हा स्पेल ३० फुटांतल्या तिघांनाच मिळतो, फासा डी४, आणि कॉन्सन्ट्रेशन लागतं (असा एका वेळी एकच स्पेल टिकतो). तुमच्या फीचरला माणसांची मर्यादा नाही, कॉन्सन्ट्रेशन नाही, फासाही मोठा.

ढोबळ आकडे घ्या. पाचव्या लेव्हलचा फायटर मोठी तलवार दोनदा चालवतो, दर फटक्याला २डी६+४, म्हणजे सरासरी ११. लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर फेरीला १४.३. हल्ला लागतो का ते डी२० ठरवतो, त्यावर एकेक अंक ५ टक्क्यांचा. तुमच्या डी६ ची सरासरी साडेतीन, म्हणजे लागण्याची शक्यता साडेसतरा टक्क्यांनी वाढून ८२.५ होते आणि नुकसान १८.१५ वर जातं. एका साथीदारामागे फेरीला साधारण ४ जास्त. चार साथीदार, चार फेऱ्या: ६४. फायरबॉल या स्फोटाच्या स्पेलचे ८डी६ म्हणजे सरासरी २८, आणि त्यासाठी पाचव्या लेव्हलचा विझार्ड आपल्या तिसऱ्या स्तराच्या दोन स्लॉटपैकी (स्पेल टाकायच्या संधींपैकी) एक खर्च करतो. तुमचा गोंधळी याच्या दुपटीहून जास्त काम एका बोनस अ‍ॅक्शनमध्ये उरकून पुन्हा आपला हल्ला करायला मोकळा.

'दिवसातून ३ वेळा' ही मर्यादा कागदावरच राहते. २०१४ च्या डीएम-पुस्तिकेने एका दिवसात सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी धरल्या आहेत. रविवारी दुपारी मिसळ खाऊन बसलेल्या टेबलावर एक होते, फार तर दोन. म्हणजे तीन वेळा हे 'कायम'च झालं. घरगुती नियमांत हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि खापर फुटतं ते मॉन्स्टर कमकुवत असल्यावर.

आमची दुरुस्ती अशी:

तिसरी लेव्हल, दिवटी. गोंधळी बोनस अ‍ॅक्शनने एक इन्स्पिरेशन खर्च करून दिवटी पेटवतो आणि त्या इन्स्पिरेशनचा फासा टाकतो. जो आकडा येईल तेवढं दिवटीत 'तेल'. दिवटीच्या लख्ख उजेडातला कुठलाही साथीदार स्वतःच्या हल्ल्याच्या किंवा सेव्हच्या (संकटातून वाचायच्या) फेकीत तेल घालू शकतो: एका थेंबाला +१, एका फेकीला जास्तीत जास्त २ थेंब. फेक पाहिल्यावर, पण डीएमने 'लागला' किंवा 'हुकला' म्हणायच्या आत. तेल संपलं, १ मिनिट झालं किंवा गोंधळी बेशुद्ध पडला की दिवटी विझते.

हिशेब ठेवायला कागद लागत नाही. तोच फासा टेबलाच्या मधोमध ठेवा. कुणी थेंब घेतला की फासा फिरवून आकडा एकाने कमी करा. ५ चा ४, ४ चा ३. तेल उतरताना सगळ्यांना दिसतं आणि 'शेवटचे दोन थेंब कुणाला' यावर टेबलावर आपोआप कुजबुज सुरू होते. करिश्मा १६ असेल तर अशा दिवट्या दिवसाला तीन, पाचव्या लेव्हलपासून शॉर्ट रेस्टलाही (छोट्या विश्रांतीलाही) परत मिळतात. दोन थेंबांची मर्यादा काढू नका. काढलीत तर सगळं तेल एकाच मोठ्या फटक्यासाठी राखून ठेवलं जाईल आणि बाकीचे चौघे बघत बसतील.

उजेड किती? साध्या मशालीइतकाच ठेवा: २० फूट लख्ख, पुढचे २० फूट अंधूक. ६० फूट नको. फायरबॉलची त्रिज्याही २० फूट आहे. दिवटीभोवती सगळे गोळा झाले की शत्रूच्या जादूगाराला आयतं निशाण मिळतं, आणि फीचरची किंमत नियमात एक ओळ न लिहिता वसूल होते. रात्रीच्या वेढ्यात तर तटावर दिवटी पेटवायची की नाही हाच निर्णय मोठा होऊन बसतो.

आता हातांचा प्रश्न. तुमच्या तक्त्यातला गोंधळी एका हातात दिवटी धरून संबळ वाजवतो. कमरेला बांधलेला संबळ दोन काड्यांनी वाजतो. खऱ्या गोंधळात संबळ एकाकडे, तुणतुणं दुसऱ्याकडे, दिवटी तिसऱ्याकडे असते. एकट्याने करायची ही गोष्टच नाही, आणि नियमातही हाच पेच आहे: स्पेलमधल्या हातवाऱ्यांना मोकळा हात लागतो. म्हणून लिहा की पेटलेली दिवटी साथीदाराच्या हातात देता येते आणि उजेडाचं केंद्र त्याच्याबरोबर फिरतं. दोन हाती तलवारवाला फायटर ती धरू शकत नाही, ढालवाल्याला तलवार म्यान करावी लागेल, रोगने धरली तर त्याचं लपणं संपलं. संबळ बार्डच्या वाद्यासारखाच स्पेलचा फोकस (जादू करायचं साधन) धरा आणि काडीचा ठोका हाच हातवारा, असं एका ओळीत सांगून टाका. 'टिळा लावलेला बार्ड' होण्याची भीती इथे संपते. दुसऱ्या कुठल्याही बार्डच्या टेबलावर 'मशाल कोण धरणार' म्हणून भांडण होत नाही.

सहावी लेव्हल, शेवटचं तेल. उजेडातल्या साथीदाराचे हिट पॉइंट (उरलेला जीव) शून्यावर आले तर गोंधळी रिअ‍ॅक्शनने उरलेलं सगळं तेल ओततो (किमान एक थेंब हवा), साथीदार १ हिट पॉइंटवर राहतो, दिवटी विझते. लाँग रेस्टला एकदा. डेथ वॉर्ड हा चौथ्या स्तराचा स्पेल हेच काम करतो आणि आठ तास टिकतो. इथे दिवटी पेटलेली आणि तेल शिल्लक, दोन्ही हवं, म्हणून सहाव्या लेव्हलला खपून जातं.

तक्त्यातली तीन फीचर मात्र टाकून द्या. 'साथीदारांची भीती घालवणं' तुम्ही सहाव्याला ठेवलंय. बार्डला सहाव्यालाच काउंटरचार्म मिळतो. 'विश्रांतीत जास्त बरं होणं' म्हणजे दुसऱ्या लेव्हलचं साँग ऑफ रेस्ट. 'चकमक सुरू होताना इन्स्पिरेशन संपली असेल तर एक परत' हे तर बार्डच्या विसाव्या लेव्हलचं बक्षीस, ते तुम्ही पाचव्यालाच वाटून टाकलंत. सबक्लास लिहिण्याआधी यजमान क्लासचा पूर्ण तक्ता शेजारी उघडा ठेवा, विसाव्या लेव्हलपर्यंत. चौदाव्या लेव्हलचं फीचर आत्ता लिहू नका. पात्रं चौथ्यावर आहेत. तिथे पोचेपर्यंत हे पात्र काय झालंय ते तुम्हाला आजच्यापेक्षा बरंच नीट कळलेलं असेल.

नावांबद्दल एक. 'सप्तशृंगीला बोलावून तिच्याकडून हल्ला करवणे' असं एक फीचर तुम्ही लिहिलंय. ते नियम म्हणूनही कच्चं आहे आणि गोंधळ म्हणूनही. गोंधळात देवीला आवतण देतात, हुकूम सोडत नाहीत. 'गोंधळाला ये' म्हणायचं आणि दिवटी तेवती ठेवायची, एवढंच गोंधळ्याच्या हाती. शिवाय वणीला नेमाने जाणारं कुणी तुमच्या टेबलावर असेल तर आधी विचारून घ्या. देवीचं नाव गोष्टीत असू द्या, फीचरच्या चौकटीत नको.

गोलंदाजाचं लवकर आटपतं. २०१४ च्या आवृत्तीत बारा क्लास होते. त्यानंतर प्रकाशकांनी पूर्ण तेरावा असा एकच दिला, २०१९ चा आर्टिफिसर (जादूची यंत्रं करणारा). त्याचा आर्टिलरिस्ट हा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला छोटी तोफ उभी करतो: आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १८, हिट पॉइंट लेव्हलच्या पाचपट, बोनस अ‍ॅक्शनने डागायची, आणि तिच्या एका प्रकारात १२० फुटांवर २डी८. तुमच्या खेळाडूला नेमकं हेच हवंय. रामशेजवर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या, कातडं मढवलेल्या तोफा केल्या असं सांगितलं जातं. तेवढं वर्णन चढवा आणि आकड्यांना हात लावू नका. नाव बदलून भागतंय तिथे नियम लिहिणं ही हौस आहे. हौस वाईट नाही, पण तपासायचा भार तुमच्या डोक्यावर येतो.

आता वारं. इथे यजमान सापडत नाही. बार्बेरियन घेतला तर त्याचा रेज (लढाईतला संताप) खेळाडू स्वतः ठरवून, बोनस अ‍ॅक्शनने आणतो. वाऱ्याचं सगळं मर्म न ठरवता येण्यात आहे. शिवाय रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही, आणि हिला वाऱ्यातच देवीची वाणी हवी. क्लेरिक (पुजारी) घेतला तर तो सकाळी शांतपणे स्पेल निवडतो. वॉरलॉकचा आपल्या शक्तिदात्याशी करार असतो. प्रत्येक ठिकाणी मुख्य फीचरच काढावं लागतं. म्हणून क्लास. पण लिहा फक्त पाच लेव्हल.

सांगाडा असा. हिट डाय डी१०, कारण हिला मार खावा लागणार. सेव्ह दोन: विस्डम आणि स्ट्रेंग्थ. पुस्तकातल्या प्रत्येक क्लासला डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, विस्डम यांतला एक आणि उरलेल्या तिघांतला एक सेव्ह मिळतो. हे मोडून दोन्ही दमदार सेव्ह देणं ही होमब्रूमधली (घरगुती नियमांमधली) जुनी खोड आहे. पहिल्या लेव्हलला 'वारं' हा मोजका: शून्यापासून सुरू, शत्रूकडून नुकसान झालं की +१, साथीदार शून्यावर पडला की +२, स्वतःच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला +१. ४ झाले की वारं येतं, तीन फेऱ्या राहतं. चौथीला अ‍ॅबिलिटी वाढ, पाचवीला दुसऱ्या हल्ल्याच्या तोडीची उडी, कारण पाचव्यालाच फायटरला दुसरा हल्ला आणि विझार्डला फायरबॉल मिळतो. ती उडी चुकली की क्लास तिथून कायम मागे पडतो.

४ हाच आकडा का? बहुतेक चकमकी तीन-चार फेऱ्यांत संपतात. वारं दुसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा तिसरीच्या सुरुवातीला आलं नाही तर ते कधी येणारच नाही. तुमच्या खेळाडूने १० सुचवलाय. दहावर वारं येईपर्यंत बाकीचे मढी उचलत असतील.

हा क्लास दोन ठिकाणी हमखास फुटतो. पहिलं: खेळाडू हुशार असतात. चकमकीआधी मित्राकडून चार चापट्या खाऊन मोजका भरून घेतील. म्हणून 'इनिशिएटिव्ह टाकल्यानंतर, शत्रूकडून' हे शब्द (इनिशिएटिव्ह म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारी फेक) नियमात हवेतच, आणि चकमक संपली की मोजका शून्यावर. दुसरं: वाऱ्यात पात्र डीएमच्या ताब्यात दिलं तर खेळाडू तीन फेऱ्या फोन बघत बसेल. वारं कधी यावं ते तिच्या हातात नको, आल्यावर काय करावं ते हवं. दर फेरीला दोन पर्याय द्या: जवळच्या शत्रूवर तुटून पडणं, किंवा वाणी, म्हणजे ३० फुटांतल्या एका शत्रूला विस्डम सेव्ह, नाहीतर तो पुढच्या पाळीपर्यंत घाबरलेला. तिसरा पर्याय नाही. पळणं नाही, औषध पाजणं नाही. बंधन तेवढं पुरे.

पहिल्या लेव्हलच्या फीचरमध्ये 'प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा' असं कुठेही लिहू नका. प्रोफिशियन्सी बोनस (सरावाच्या कामांना मिळणारा जादा आकडा) एकूण लेव्हलवर वाढतो, क्लासच्या नाही. उद्या तुमचा फायटर एक लेव्हल वाऱ्याची घेऊन ते फीचर आयुष्यभर फुकट वाढवत बसेल. आकडा क्लासच्या लेव्हलला बांधा.

सबक्लास म्हणजे दुय्यम दर्जा, ही भावना तुमच्या पत्रात दिसते. खुद्द प्रकाशकांनी २०१७ मध्ये मनाच्या शक्तींचा मिस्टिक नावाचा पूर्ण २० लेव्हलचा क्लास चाचणीला दिला होता. तो एकटाच सगळ्यांची कामं करायला लागला. शेवटी तो सोडून दिला आणि २०२० मध्ये त्या शक्ती फायटर, रोग आणि सॉर्सररच्या सबक्लासमध्ये वाटल्या. लोक आज ते तिन्ही आवडीने खेळतात. उलटी बाजूही आहे: १९७४ च्या मूळ खेळात तीनच क्लास होते, चोर १९७५ च्या पुरवणीत आला. कुलूप उघडणं, लपणं हे तेव्हाच्या तिघांपैकी कुणाच्याच अंगावर बसत नव्हतं. तुमची वारं येणारी बाई त्या चोराच्या जातीची.

तपासणी कॅम्पेनमध्ये करू नका. एक रविवार वेगळा काढा, पाचव्या लेव्हलची तयार पात्रं घ्या, सलग तीन चकमकी, मध्ये एकच शॉर्ट रेस्ट. तीन गोष्टी टिपा: दिवटी किती वेळा पेटली, किती थेंब वाया गेले, वारं कितव्या फेरीला आलं. निम्म्याहून जास्त तेल वाया जात असेल तर उजेड ३० फूट करा. वारं तिन्ही चकमकींत पहिल्याच फेरीत आलं तर ४ चे ५ करा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी २०२४ चं पुस्तक घेऊन आलं तर गोंधळ्याला विशेष अडचण नाही. बार्डचे टप्पे तिथेही ३, ६, १४ आहेत. आणि पुढे पीडीएफ करून वाटायचं मनात असेल तर मूळ नियमांचा संदर्भ-दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला आहे. बार्ड त्यात आहे, श्रेय देऊन गोंधळी छापता येईल. आर्टिफिसर त्या दस्तऐवजात नाही, त्यामुळे लाकडी तोफ तेवढी इंदिरानगरातच राहू द्या.